पऱ्हाट्यांचा कोळसा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की वऱ्हाडातल्या वावरांत पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) तशाच उभ्या राहतात. मग केव्हातरी मजूर मिळतात, चिमट्याने त्या उपटल्या जातात आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग पडतो. चार भारे चुलीसाठी घरी येतात. उरलेल्या एखाद्या संध्याकाळी पेटवून दिल्या की वावर नांगरटीला मोकळं. एकरी आठ ते बारा क्विंटल वाळलेला माल असा तासाभरात राख होतो, आणि ती राखही धुऱ्यावरच पडून राहते.

या जाळण्याची मला फार हळहळ वाटते. वाळलेल्या पऱ्हाटीत चाळीस-पंचेचाळीस टक्के कार्बन असतो, आणि आपल्या जमिनींत नेमकी त्याचीच वानवा आहे. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात ०.५ टक्क्याच्या खालचा आकडा दिसणं आता विदर्भात कोणाला नवलाचं वाटत नाही. शेणखत घालावं तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन हंगामांत संपतं. कोळशातला कार्बन तसा संपत नाही. मातीतल्या जिवाणूंना तो सहजी पचत नाही, म्हणून नीट भाजलेला कोळसा एकदा मातीत गेला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. कृषी शास्त्रज्ञ याला बायोचार म्हणतात. तो घरी पाडता येतो, त्याला यंत्र लागत नाही. लागतो एक खड्डा, एक ड्रम पाणी आणि दोन-तीन तास न हलता विस्तवाजवळ थांबायची तयारी.

पहिल्यांदा हिशेब मांडू, कारण इथे अपेक्षा चुकली की पुढचं सगळं चुकतं. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा कोळसा हाती येतो. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाट्यांतून दीड-दोन क्विंटल. जमिनीला फरक पडायचा तर चौरस मीटरला निदान दीड किलो हवा. भागाकार केला की कळतं, एका एकराच्या पऱ्हाट्यांत गुंठाभर, फार तर सव्वा गुंठा जागेची सोय होते. एवढ्याने अख्खं वावर सुधारण्याची स्वप्नं पाहू नयेत. पण घरामागची सांदवाडी, जिथे वांगी, मिरची, सांभार (कोथिंबीर), ढेमसं, वालाचा मांडव असतो, ती गुंठाभराचीच असते. तिथे हा कोळसा पुरून उरतो.

पऱ्हाट्याच का, याला आणखी एक कारण आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत बसते आणि घराशेजारी रचलेल्या ढिगातून पुढच्या हंगामात परत वावरात जाते. २०१७च्या खरिपात विदर्भाने या अळीचा जो मार खाल्ला, त्यानंतर पऱ्हाट्या वेळेवर काढून नष्ट करा हे कृषी खातं दरवर्षी सांगतं आहे. कोळसा पाडताना ही बोंडं सगळ्यात आधी विस्तवात जातात. तुराट्याही (तुरीच्या काड्या) चालतात, त्यांचा कोळसा पऱ्हाटीपेक्षा जड आणि टणक होतो. बोर, बाभूळ, कडुनिंबाच्या छाटणीच्या फांद्या, धुऱ्यावर माजलेली वेडी बाभूळ, रायमुनिया (घाणेरी), हेही चालतं. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मात्र जाळू नये. ते बारीक असल्याने धुमसतं, आणि गुरांच्या तोंडचा घास कोळशासाठी घेणं बरोबर नाही.

जंगलाच्या लाकडाला हात लावू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाच्या व्याख्येत कोळशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. घरच्या काड्यांचा, घरच्या वाफ्यांपुरता कोळसा वेगळा आणि लाकडाचा कोळसा पाडून गाडीत घालून नेणं वेगळं. शिवाय उभं झाड तोडून माती सुधारणं ही मुळातच उलटी गोष्ट आहे. चंद्रपूर-वणीकडे दगडी कोळसा सहज मिळतो म्हणून कोणी तो किंवा त्याची राख वाफ्यात घालायला निघालं असेल तर थांबावं. तो खाणीतला पदार्थ आहे, त्याच्या राखेत जड धातू असू शकतात, आणि भाजीच्या मातीत त्याचं काही काम नाही.

आता विस्तवाचं शास्त्र. काडी तापते तेव्हा आधी तिच्यातलं पाणी जातं. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे लाकडातून वायू सुटू लागतात, आणि ज्योत दिसते ती त्या वायूंचीच. वायू संपले की मागे राहतो तो लालबुंद निखारा, बहुतेक निव्वळ कार्बन. त्याला हवा मिळत राहिली तर तोही जळून पांढरी राख होतो. हवा तोडली तर कोळसा. म्हणून सगळं कौशल्य इतकंच की ज्योत मनसोक्त जळू द्यायची आणि निखारा जळू द्यायचा नाही. वरची ज्योत खालच्या निखाऱ्यापर्यंत हवा पोचू देत नाही, ती वरच्या वर प्राणवायू खाऊन टाकते. उघड्या खड्ड्यात झाकणाशिवाय कोळसा तयार होतो तो याच जोरावर. स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेने २०१४ मध्ये याच तत्त्वावर शंकूच्या आकाराची पोलादी भट्टी तयार केली आणि तिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. आपल्याला पोलाद नको, जमिनीतला खड्डा तेच काम करतो.

खड्डा तोंडाला चार फूट रुंद, अडीच फूट खोल, तळाशी फूटभर. बाजू तिरप्या, साठ अंशांच्या आसपास. उभ्या भिंतींच्या चौकोनी खड्ड्यात कोपऱ्यांतल्या काड्या अर्ध्या कच्च्या राहतात, हे लक्षात ठेवून गोल आणि निमुळताच करावा. काढलेली माती काठावर गोल रचून ठेवली की वाऱ्याला आडोसाही होतो आणि वेळप्रसंगी झाकायला मातीही हाताशी राहते.

काळ्या जमिनीत खड्डा घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. फेब्रुवारी-मार्चपर्यंत आपल्या जमिनीला भेगा पडायला लागलेल्या असतात. खड्ड्याच्या भिंतीत अशी एक भेग असली की तिच्यातून खालून हवा येते, आणि वरून सगळं नीट करूनही तळाशी राखच सापडते. म्हणून आदल्या दिवशी भिंती आणि तळ पाणी मारून चोपायच्या आणि शेण-मातीने जाड लिंपून घ्यायच्या. लिंपण पूर्ण वाळू द्यायचं, ओलं राहिलं तर पहिला अर्धा तास त्याची वाफ काढण्यातच जातो. मुरमाड जागा मिळाली तर हा प्रश्नच येत नाही, तिथेच खड्डा घ्यावा.

एका खड्ड्याला दीड ते दोन क्विंटल पऱ्हाटी लागते. उपटल्यावर निदान दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळलेली हवी. मोडताना काडकन आवाज झाला पाहिजे. लवली, साल सोलून निघाली, तर अजून ओल आहे. मुळांना चिकटलेली ढेकळं झाडून टाकायची, कारण मातीचं एक मोठं ढेकूळ पडलं तरी त्याखालचा विस्तव बसतो. काड्या हात-दीड हात लांबीच्या मोडून घ्यायच्या आणि जाडीप्रमाणे तीन ढीग करायचे. याच वेळी बारकाईने पाहायचं, की भारे बांधलेली नायलॉनची दोरी, ठिबकच्या नळीचा तुकडा, मल्चिंगचा कागद, औषधाच्या बाटलीचं बूच असं काही त्यात राहिलं तर नाही ना. प्लॅस्टिकचा एक तुकडा जळाला तरी त्याचा मळ कोळशात मुरतो आणि तोच कोळसा पुढे सांभाराच्या वाफ्यात जाणार असतो.

वेळ पहाटेची. सूर्य वर आला की वारा उठतो, दुपारी तर हे काम करूच नये. शेजारी गंजी, गोठा, उभा गहू किंवा हरभरा नको. ड्रमभर पाणी म्हणजे दोनशे लिटर, दोन बादल्या आणि फावडं आधीच जागेवर हवं. अंगावर सुती कपडे, नाकातोंडावर ओला दुपट्टा. कामाची जागा उघड्यावरच हवी. या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, बंद पडवीत तो जीव घेतो.

तळाशी बारीक काड्यांचा गुंता रचून तो वरून पेटवायचा. खालून नाही. वरून पेटवला की धूर ज्योतीतून जाताना जळून जातो आणि सुरुवातीपासून धूर कमी होतो. हा थर चांगला पेटला आणि त्यावर राखेची पांढरट साय दिसू लागली, की दुसरा थर टाकायचा, वीतभराहून कमी जाडीचा, सगळीकडे सारखा. जाड बुडखे आणि तुराट्या दुसऱ्या-तिसऱ्या थरात, कारण खालच्या थराला भाजायला सर्वांत जास्त वेळ मिळतो. शेवटच्या थरांत फक्त बारीक फांद्या. ती पांढरी साय हीच घड्याळ. साय दिसली म्हणजे निखाऱ्यावर हवा पोचायला लागली, आता वर ज्योत हवी. साय दिसायच्या आधीच माल टाकला तर ज्योत दडपते आणि धूर कोंडतो. साय दाट होईपर्यंत थांबलं तर तेवढा कोळसा राखेत गेला. पहिले चार थर जरा बुजरेपणाने पडतात, मग हाताला अंदाज येतो.

धूर पाहून चूक ओळखता येते. पांढरा दाट धूर म्हणजे माल ओला. काळपट धूर आणि लालसर मंद ज्योत म्हणजे थर फार जाड पडला, लांब काठीने थोडा उचलून मोकळा करावा. धूर जवळजवळ नाही, ज्योत पिवळी आणि उंच, खड्ड्याच्या काठाशी उभं राहवत नाही इतकी धग, हे सगळं ठीक चालल्याचं लक्षण. या अवस्थेत निखाऱ्याच्या वरच्या थराचं तापमान साडेसहाशे-सातशे अंशांपर्यंत जातं.

काठाखाली अर्धा फूट राहिला की टाकणं थांबवायचं. ज्योती खाली बसतात, वरच्या काड्यांचेही निखारे होतात, आणि साय धरायला लागायच्या आतच पाणी. बाजूने सुरुवात करून मध्याकडे यायचं, उभं राहायचं ते वारा येतो त्या बाजूला पाठ करून, कारण वाफ अंगावर येते आणि भाजते. शंभर ते दीडशे लिटर पाणी लागतं. वरचा थर काळा पडला म्हणजे विझलं असं मुळीच नाही. फावड्याने तळापर्यंत चाळवून पुन्हा पाणी मारायचं. पाण्याची टंचाई असेल तर ओली माती वीतभर जाड टाकून सगळीकडून बंद करता येतं, पण मग पुढचा दीड-दोन दिवस उघडायचं नाही, आणि उघडल्यावर कोळशात मिसळलेली माती चालवून घ्यायची. विझलेला कोळसा पोत्यात भरून थेट घरात नेऊ नये. एखादा निखारा आत जिवंत राहतो आणि ताजा कोरडा कोळसा हवेतला प्राणवायू शोषून आपोआपही तापतो. एक पूर्ण दिवस उघड्यावर पातळ पसरून, ओलसर ठेवून, मगच हलवावा.

एका खड्ड्यातून अशी पंधरा-सोळा घमेली निघतात. वाळवून तोलली तर तीस-चाळीस किलो.

ज्यांना खड्ड्याचं काम नको त्यांच्यासाठी ड्रमची भट्टी आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या ड्रमपासून अशी भट्टी तयार केली, ती कापूस, तूर, मका, एरंडीच्या काड्यांसाठीच. ड्रम घेताना त्यात पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन नव्हतं एवढी खात्री करावी, आणि जस्त चढवलेला पत्रा वापरू नये, तापल्यावर त्याची वाफ विषारी असते. पण घरच्या कामाला मी खड्डाच सुचवेन. ड्रम एक-दोन हंगामांत जळून गळतो, खड्ड्याला पुन्हा लिंपलं की झालं.

आणि खड्डाही नको असेल तर चूल आहेच. स्वयंपाक आटोपल्यावर चुलीतले इंगळ राखेत विझू न देता चिमट्याने उचलून पाण्याच्या जुन्या घमेल्यात टाकायचे. रोज मूठ-दोन मुठी. घरच्या बाईने वर्षभर हा नेम ठेवला तर दोन-तीन वाफ्यांपुरता कोळसा एक काडीही जास्तीची न जाळता जमतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित कोळसा हाच.

कोळसा पिकला की नाही, हे हाताला कळतं. वाळलेली कांडी दगडावर टाकली की खणकन वाजते. मोडली की मधला गाभा नळीसारखा पोकळ दिसतो आणि कडेला बारीक छिद्रांची जाळी, भिंगातून पाहिली तर जास्तच स्पष्ट. आत तपकिरी लाकूड दिसलं तर ती कच्ची, पुढच्या खड्ड्यात परत टाकावी. बोटांवर चोळून नुसत्या पाण्याने हात धुवून पाहावा. काळं सहज निघालं तर उत्तम. तेलकट राहिलं आणि साबण लागला तर त्यात डांबर उरलं आहे, ते बियाण्याला बाधतं. शंका असेल तर दोन करवंट्या घ्याव्यात, एकीत वाफ्याची माती, दुसरीत तीच माती तीन भाग आणि कोळसा एक भाग, दोन्हींत वीस-वीस मेथ्या टाकाव्यात. चार-पाच दिवसांनी दुसरीतली उगवण ठळक कमी दिसली तर तो कोळसा आणखी धुवावा किंवा उकिरड्यात जास्त दिवस मुरू द्यावा.

कुटण्याचं काम नेहमी ओलं करावं. कोरड्या कोळशाची धूळ छातीत जाते. ओला कोळसा जुन्या पोत्यात भरून, तोंड बांधून, मुसळाने बडवला किंवा पायाखाली तुडवला तरी पऱ्हाटीचा कोळसा फुटतो. गव्हापासून हरभऱ्याएवढे दाणे झाले की पुरे. पीठ करू नये, पिठाने छिद्रंच मोडतात आणि चिकण मातीत ते थापून बसतं.

आता जो भाग बहुतेक जण गाळतात तो. कोळसा खत नाही. त्यात नत्र जवळपास नसतं. कोळसा म्हणजे रिकामी कणगी, आणि रिकामी कणगी वाफ्यात पुरली तर ती आधी आजूबाजूचंच भरून घेते. मातीतलं नत्र, पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्यं तो आपल्या छिद्रांत आणि पृष्ठभागावर ओढून धरतो, आणि नव्याने लावलेली वांगी पहिल्याच महिन्यात खालच्या पानांपासून फिकी पिवळी पडायला लागतात. मग लोक म्हणतात, कोळशाने झाड मेलं. दोष कोळशाचा नसतो, तो उपाशी घातल्याचा असतो. म्हणून मार्चमध्ये पाडलेला कोळसा मृग लागेपर्यंत पोसायचा, वाफ्यात थेट घालायचा नाही.

पोसण्याची माझ्या मते सर्वांत चांगली जागा गोठा. गुरांच्या मागच्या बाजूला, जिथे मूत पडतं तिथे, एका जनावरामागे घमेलंभर कुटलेला ओलसर कोळसा पसरायचा, वर थोडं कुटार. मूत जमिनीत मुरून किंवा उडून वाया जाण्याऐवजी कोळशात शिरतं. गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबणारा वास असतो तो अमोनियाचा, म्हणजे उडून चाललेलं नत्रच. कोळसा त्यातलं बरंच धरून ठेवतो आणि वास लक्षात येण्याइतका कमी होतो. चार-पाच दिवसांनी तो शेणाबरोबर खरडून उकिरड्यावर टाकायचा, नवा पसरायचा. कोळसाही पोसला जातो, शेणखतही सुधारतं, आणि जास्तीचं कष्ट काही नाही.

गुरं नसतील तर खताचा खड्डा किंवा टाकं. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी विदर्भातलीच देणगी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. ती भरताना काडीकचरा, शेण-पाणी आणि माती अशा थरांमध्ये कोळशाचा पातळ थर देत जायचं. एकूण आकारमानाच्या दहावा हिस्सा पुरे, म्हणजे अशा टाकीला वर सांगितलेल्या खड्ड्यांपैकी दोन खड्ड्यांचा कोळसा. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं तोवर कोळसा आतून बाहेरून मुरलेला असतो. दहाव्या हिश्शाहून फार पुढे जाऊ नये, ढीग कोरडा पडतो आणि तापत नाही.

तिसरा मार्ग घाईचा. एक घमेलं कुटलेला कोळसा, त्यावर निम्मं गोमूत्र निम्मं पाणी असं पाच-सहा लिटर, मग दोन घमेली जुनं शेणखत, सगळं कालवून सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट. आठवड्याला एकदा वरखाली करायचं, ओल मुठीत दाबली की हाताला लागेल पण गळणार नाही इतकीच. तीन-चार आठवडे. गोमूत्राऐवजी जीवामृत चालेल का, असं विचारलं जातं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी प्रचारात आणलेल्या कृतीत दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती असते. जिवाणूंसाठी ते चांगलं, पण नत्राचा विचार केला तर फार पातळ. ते ओल द्यायला वापरावं, शेणखत मात्र सोडू नये.

आता माती. कोळशाच्या गोष्टी सांगताना ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचा दाखला हमखास येतो. तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी कोळसा, हाडं, खापऱ्या, खरकटं मिसळत घडवलेली माती आजही सुपीक आहे, यात शंका नाही. पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेली, अन्न न धरणारी. पश्चिम विदर्भातली आपली काळी बरोबर उलट आहे. ती बेसाल्टपासून झालेली, चिकण मातीने भरलेली, अन्न धरून ठेवायला आधीच समर्थ, आणि तिचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, म्हणजे विम्लाकडे (अल्कलीकडे) झुकलेला. कोळसाही विम्लधर्मी, राख तर त्याहून जास्त. तिकडची मात्रा जशीच्या तशी इकडे लावली तर चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त अडकतं. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचं चिन्ह. खालची जुनी पानं पिवळी झाली तर नत्राची ओढ, वरची नवी झाली तर लोहाची, एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ.

म्हणून काळ्या जमिनीत दोन पथ्यं. कोळसा राखेपासून वेगळा करायचा, म्हणजे विझवल्यावर घमेल्यात एक-दोन पाण्यांनी खळबळून वरचं पांढरट पाणी फेकून द्यायचं. त्या पाण्यात पालाश जातं खरं, पण काळ्या जमिनीत पालाशची तशी कमतरता नसते. दुसरं पथ्य मात्रेचं. इथे कोळशाने आपल्याला मिळवायची आहे ती भुसभुशीतता. पावसाळ्यात चिखल होऊन मुळं गुदमरतात, उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते, या दोन्ही टोकांच्या मध्ये मातीला थोडी सैल करणं. त्यासाठी थोडा, चांगला मुरलेला कोळसा आणि भरपूर शेणखत हीच जोडी हवी.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात जरा जास्तच जपावं. तिथे जमिनीत सोडियम जास्त आणि विहिरीचं पाणी खारं. राख न धुतलेला कोळसा घालणं म्हणजे दुखण्यात भर. कोळसा विझवायलाही तिथलं बोअरचं पाणी वापरू नये, मीठ आत मुरतं. सांदवाडीची माती परीक्षण करून घेतल्याशिवाय तिथे हात घालू नये, आणि जिप्सम, हिरवळीचं खत, निचऱ्याचा चर हे आधी.

मुरमाड, बरड जागेत मात्र कोळशाचं खरं मोल दिसतं. तिथे पाणी आणि खत दोन्ही खाली निघून जातं, कोळसा दोन्ही धरतो. पूर्वेला गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यातल्या हलक्या, लालसर-पिवळ्या जमिनीही अशाच, आणि बऱ्याच जागी किंचित आम्लधर्मी. तिथे राख धुवायचीही गरज पडत नाही. त्या भागात पऱ्हाटी नाही पण राईस मिलचा तूस आहे, धानाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा. तुसाचा कोळसा पाडण्याची रीत वेगळी. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा उलटा ठेवून त्यात निखारे, वर धुराडं, आणि भोवती तुसाचा ढीग. ढीग आतून बाहेर काळा होत येतो. बाहेरून काळा दिसू लागताच पसरून पाणी मारायचं, नाहीतर तासाभरात करडी राख.

मात्रा सांगायची तर दहा फूट बाय तीन फुटांच्या वाफ्याला दोन घमेली पोसलेला कोळसा आणि चार-पाच घमेली शेणखत. वरच्या वीतभर मातीत कुदळीने नीट मिसळायचं. नुसता वर पसरला तर पहिल्या सरीला तरंगून नालीत जातो, आणि उघडा काळा थर उन्हात तापून रोपाचं खोड भाजतो. मिसळताना कोळसा ओलाच हवा, कोरडा लवकर पाणी धरत नाही. चुनखडीची जमीन असेल, म्हणजे मातीत पांढरे खडे दिसत असतील किंवा लिंबू पिळल्यावर बारीक बुडबुडे येत असतील, तर पहिल्या वर्षी एकच घमेलं. वेलांच्या आळ्यांत, कोहळं, दोडकी, लवकी, आळ्यामागे दोन ओंजळी. मिरची आणि वांग्याच्या रोपवाटिकेत मात्र घालू नये, तिथे बी अगदी नाजूक असतं आणि रोप महिनाभरात उचलायचंच असतं.

तणनाशक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. उगवणीपूर्वी मातीवर फवारायची तणनाशकं कोळसा शोषून घेतो, ती नेहमीच्या मात्रेत लागू पडत नाहीत. माझ्या दृष्टीने सांदवाडीत त्यांची गरजच नाही, पण वावराच्या कडेला कोळसा टाकणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं बरं.

एक वाफा कोळशाविना ठेवावा. त्याच मातीचा, त्याच भाजीचा, तेवढंच शेणखत घातलेला. पहिल्या पावसाळ्यात फारसा फरक दिसणार नाही, कोळशाला मातीत रुळायला वेळ लागतो. दुसऱ्या उन्हाळ्यात पाहावं: कोणत्या वाफ्याला पाणी किती दिवसांनी द्यावं लागतं, भेगा किती रुंद पडतात, खुरपं किती सहज शिरतं, उपटलेल्या मुळांना कोळशाचे दाणे चिकटून येतात का. चिकटून येत असतील तर मुळं तिथवर पोचली आहेत. त्या वाफ्यात पुन्हा कोळसा घालायची गरज नाही, पुढे दरवर्षी नुसतं शेणखत. नवा कोळसा शेजारच्या वाफ्याला. खड्डा मात्र पावसाळ्याआधी फळ्यांनी किंवा पत्र्याने झाकून वर दगड ठेवावेत. त्यात पाणी भरलं की लिंपण गळून पडतं, आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांसाठी, रात्री सुटलेल्या वासरासाठी तो धोक्याचा असतो.